बूस्टर आसन
मोटारीत मुलाला उंच बसवून प्रौढांच्या मापाचा सीटबेल्ट त्याच्या अंगाला नीट बसावा, यासाठी वापरले जाणारे आसन. ते कधी सोडावे, हे वयापेक्षा उंचीवरून ठरवणेच योग्य. ठेंगण्या मुलाचा कमरेचा पट्टा हाडावरून सरकून मऊ पोटावर येतो आणि धडक बसताच सगळा भार आतडी व मणक्यावर पडतो. म्हणून ब्रिटनमध्ये १३५ सेंमी., तर जर्मनीत १५० सेंमी. उंची किंवा वयाची १२ वर्षे ही कायदेशीर मर्यादा आहे. अमेरिकेत सुमारे १४५ सेंमी. उंचीची शिफारस केली जाते.

आठ वर्षे झाली की पुरे, असे अनेक पालक मानतात. पण एकाच वर्गातल्या मुलांच्या उंचीत वीतभर फरक सहज असतो. पाठ पूर्ण टेकल्यावर गुडघे सीटच्या कडेशी दुमडले, वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून गेला आणि खालचा मांड्यांच्या वरच्या टोकाशी सपाट राहिला, तरच आसन काढावे. एका गाडीत जमले म्हणून दुसरीत जमेलच असे नाही. दर गाडीत पुन्हा पाहावे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.