शह, मात आणि चेक

कॉमर्सचा पदवीधर शब्दांची व्युत्पत्ती सांगू लागला, की ऐकणारा हळूच घड्याळाकडे बघतो. पण ज्या क्रियापदावर आम्हा बँकवाल्यांचा संसार चालतो, त्याची कुळकथा विचारण्याचा आम्हाला हक्क आहे. ते क्रियापद म्हणजे ‘चेक करणे’.

आमटीतलं मीठ चेक करायचं, स्कूटरची हवा चेक करायची, झोपताना गॅस चेक करायचा. चाखणे, पाहणे, तपासणे या साऱ्या जुन्या नोकरांना या एकट्याने सक्तीची निवृत्ती दिली. आपल्याला वाटतं, हा शब्द साहेबाने दिला. खरं म्हणजे तो आपल्या घरात आधीपासूनच होता, ‘शह’ या नावाने.

झालं असं. आपलं चतुरंग इराणात गेलं आणि चतरंग झालं. अरबांनी त्याचं शतरंज केलं. फारसीत राजाला म्हणतात शाह. राजावर चाल आली, की समोरच्याने ‘शाह!’ म्हणून सावध करायचं. म्हणजे, राजेसाहेब, सांभाळा! हा शाह अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशा गाड्या बदलत इंग्लंडला उतरला, तेव्हा त्याचा ‘चेक’ झाला होता. मराठीत तो फारसीतून थेट आला, म्हणून ‘शह’च राहिला. साहेबाचा ‘चेकमेट’ हा आपल्या शह-मातचा सख्खा भाऊ. सत्काराला उत्तर देताना ‘मी परिस्थितीवर मात केली’ म्हणणारा गृहस्थ बुद्धिबळाच्या पटावरच बोलत असतो!

शह बसला की राजाला मनासारखी चाल करता येत नाही. म्हणून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अडवणे, आवर घालणे. पुढे सतराव्या शतकात त्यातून ‘अडवून खरं-खोटं पाहणे’ हा आपल्या ओळखीचा अर्थ निघाला.

दरम्यान पट कचेरीत शिरला होता. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबलावर होई. वर रेघारेघांचं काळं कापड. रोमन आकड्यांना शून्य ठाऊक नाही, तेव्हा घरांत सोंगट्या मांडून बेरीज करायची. दिसायला बुद्धिबळाचा पट, म्हणून त्या खात्याचं नाव ‘एक्स्चेकर’ पडलं. एका बाजूला खजिनदार, समोर जिल्ह्याचा वसूल घेऊन घाम पुसणारा शेरीफ. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७७ च्या सुमारास या खात्यावर ग्रंथ लिहायला घेतला, त्यात या दोघांच्या झुंजीला त्याने बुद्धिबळाचीच उपमा दिली आहे. ऑडिट ज्याने पाहिलंय त्याला ती पटेल.

अठराव्या शतकात बँकेच्या पावतीचं स्थळपत्र खोटेपणाला आवर घालतं म्हणून त्याला ‘चेक’ म्हणू लागले. मग नाव कागदालाच चिकटलं. अमेरिकेने साधं स्पेलिंग ठेवलं. इंग्लंडने एक्स्चेकरच्या थाटात त्याला क्यू-यू-ई असं शेपूट लावलं.

आता संगणक आले, पण टेबलाच्या दोन बाजू सुटल्या नाहीत. नोंद करणारा ‘मेकर’ वेगळा, मंजूर करणारा ‘चेकर’ वेगळा. मेकर कितीही सज्जन असो, एखादं शून्य जास्त पडू शकतं, आणि ते नेमकं एखाद्या पेन्शनर आजींच्या खात्यातून जातं. तिथे चेकरने थांबायचं असतं. अडचण एवढीच, की ‘चेक केलंय ना?’ या प्रश्नाला ‘हो, केलंय’ हे उत्तर हल्ली पाहण्याआधीच तयार असतं. शब्दातला ‘पाहणे’ उरला, ‘अडवणे’ गळून गेला.

तेव्हा काउंटरवर कुणी तुमची सही दोन मिनिटं जास्त न्याहाळली, तर चिडू नका. तुमच्या राजाला कुणी शह दिलाय का, तेवढंच तो बघतोय.

तो चहाला गेला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.