माणसं विचारली, पाणी विचारलं नाही

मोबाईलवर नागपुरात घर शोधायला बसलं की काय काय दिसतं ते तुम्हाला माहीतच आहे. स्क्वेअर फुटाचा भाव, मेट्रो स्टेशन किती मिनिटांवर, शाळा, दवाखाना, मॉल किती किलोमीटरवर. खाली वस्तीला पाचपैकी तारे. आणि त्याखाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'पीसफुल एरिया, गुड क्राउड'.

या 'गुड क्राउड'वर थोडं बोलायचं आहे. पोस्ट लांब आहे, पण घर घ्यायच्या बेतात असाल तर वाचाच.

वस्तीची माहिती काढून घर घेणं ही मोबाईलने आणलेली गोष्ट नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या-वस्त्या जोडून हे शहर वसवलं, पुढे रघुजी भोसल्यांनी राजधानी केली. त्या जुन्या शहरात वस्तीचं नाव हीच वस्तीची सगळी माहिती होती. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही बाजाराच्या वारांची नावं. मोमिनपुरा म्हटलं की मोमीन विणकर, टिमकी-गोळीबार चौक म्हटलं की हलबा विणकर, महाल म्हटलं की भोसल्यांचा वाडा आणि त्याभोवतीचे मानकरी. पत्ता सांगितला की माणूस कळायचा. पण त्याचबरोबर जमीनही कळायची, हे आपण विसरतो. नाग नदी कुठवर चढते, कोणत्या गल्लीतली विहीर उन्हाळ्यात आटते, कुठे पाया खणला की काळी माती लागते, हे पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहणाऱ्यांना पाठ असे. माणसाची आणि मातीची माहिती एकाच ओट्यावर मिळायची.

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि बाहेरून माणसं येऊ लागली. नव्या माणसाला ओटा कुठला? तो आपल्या जातीचा, भाषेचा, गावचा माणूस शोधायचा आणि त्याच्या शेजारी खोली घ्यायचा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची जरीपटका झाली. इंदोरा आंबेडकरी चळवळीची वस्ती म्हणून ओळखली गेली. यात सगळं वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला बाकी शहर घर देत नव्हतं त्याला आपली वस्ती हाच आधार होता. पण इथून पुढे घर बघताना पहिला प्रश्न एकच राहिला, 'तिथं लोक कोण आहेत?' मातीचा प्रश्न मागे पडला.

मग आली एनआयटी. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा. प्रन्यासने आखीव-रेखीव वस्त्या पाडल्या आणि आपल्या मराठीला एक शब्द दिला, लेआऊट. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो ऑफिसातला शब्द वाटतो, आपल्याकडे तो पत्त्यात असतो. शहर वाढत गेलं तसा प्रन्यासचा वेग कमी पडला आणि खासगी मंडळी पुढे आली. गृहनिर्माण संस्था काढायची, शेतकऱ्याकडून वावर घ्यायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, प्लॉट विकायचे. अकृषक परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही, नाली नाही. विक्रीचं वाक्य मात्र ठरलेलं, 'भाऊ, सगळे आपलेच लोक आहेत. मास्तर लोक, सर्व्हिसवाले.' रिटायरमेंटचा पैसा, बायकोचं सोनं, गावाकडचं अर्धं वावर या एका वाक्यावर प्लॉटमध्ये गेलं. लोक खरंच आपलेच होते, त्यात फसवणूक नव्हती. फक्त जमिनीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

त्याचा हिशेब पुढे सरकारलाच करावा लागला. २००१ चा महाराष्ट्र गुंठेवारी कायदा त्यासाठीच आहे, १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा प्लॉटांना नियमित करणारा. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आणली. म्हणजे मधली वीस वर्षं तोच खेळ चालू होता, हे सरकारनेच मान्य केलं. नागपुरात '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' हे आकडे रिक्षावाल्यालाही माहीत आहेत. आणि आरएल. हे नियमितीकरणाचं पत्र नसेल तर बँक कर्जाला हात लावत नाही, घराचा नकाशा मंजूर होत नाही. डिमांड भरलेली आहे पण आरएल यायचं आहे, अशी घरं माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. मुलांची लग्नं झाली, आरएल आलं नाही. जाहिरातीत याला 'आरएल प्रोसेसमध्ये' म्हणतात. या प्रोसेसला किती वर्षं लागतात ते जाहिरातीत नसतं.

आता पोर्टलांकडे येऊ. ९९एकर्स २००५ मध्ये सुरू झालं, मॅजिकब्रिक्स २००६ मध्ये, आणि आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१२ मध्ये नकाशावर घर दाखवणारं हाउसिंग काढलं. त्याआधी पेपरातल्या छोट्या जाहिराती होत्या, शब्दाला पैसे, म्हणून 'बर्डीपासून १० मि.' एवढंच यायचं. पोर्टलांमुळे फोटो आले, भाव उघडे पडले, दहा दलालांच्या पायऱ्या चढायचं वाचलं. उपकार आहेत. पण त्यांचं पोट कशावर चालतं तेही बघा. पैसा मुख्यतः बिल्डर आणि दलाल देतात, जाहिरात वर दिसावी म्हणून. शाळा-दवाखाने नकाशावर आयते ठिपके असतात, ते फुकटात लागतात. पूर, टँकर, तुंबलेली नाली, अडलेलं आरएल याचे ठिपके कुणी तयार केलेले नाहीत, आणि जाहिरात देणाऱ्याला ते नकोच आहेत. वस्तीची नावंसुद्धा ताणली जातात. वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंना वावरात उभा असलेला प्रत्येक प्लॉट 'मिहानजवळ' असतो. किती जवळ, ते पेट्रोल भरून बघावं लागतं.

याची किंमत २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दिसली. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. बर्डीच्या मोर भवन बसस्थानकात एसटी बुडाल्या. लष्कराला बोलवावं लागलं. आता ध्यानात घ्या, या काही कुठल्या वावरातल्या बेकायदा वस्त्या नव्हेत. शहरातल्या नावाजलेल्या. पोर्टलच्या कसोटीवर पैकीच्या पैकी. तलाव जवळ, व्हीएनआयटी जवळ, मेट्रो जवळ, 'गुड क्राउड'. सगळं खरं. तलाव तर फारच जवळ होता.

तेव्हा बातमीसाठी फिरताना एका घरात भिंतीवर कंबरेच्या वर चिखलाची रेघ बघितली. घर दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. घेताना काय काय विचारलं होतं, असं मी विचारलं. त्या ताई म्हणाल्या, 'शेजारी कोण आहेत ते विचारलं ना. डॉक्टर आहेत एका बाजूला.'

पूर कुठवर येतो हे गुपित नाही. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा ठरवतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्याच्या आत बांधकाम नको, निळ्या-लालच्या मध्ये अटी घालून. ती रेषा सरकारी नकाशात असते. घर घेणाऱ्याच्या मोबाईलवर नसते.

अमेरिकेत काय झालं तेही सांगतो, कारण तिथं हे भांडण आपल्याआधी झालं. १९३० च्या दशकात तिथल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. चांगली वस्ती हिरवी, 'धोक्याची' लाल. काळे लोक राहत ती जवळपास नेहमी लाल. पुढे अशा वस्त्यांना कर्ज मिळेना आणि त्या खंगत गेल्या. १९६८ मध्ये घर देताना वंश-धर्म बघण्यावर कायद्याने बंदी आली. मग पोर्टलं आली, त्यांनी गुन्ह्यांचे नकाशे लावले आणि जुनाच लाल रंग नव्या नावाने परत आला अशी ओरड झाली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये रिअल्टर डॉट कॉमने गुन्ह्यांचा नकाशा काढला, रेडफिनने तो लावणार नाही असं जाहीर केलं. पण याच रिअल्टर डॉट कॉमने २०२० मध्ये प्रत्येक घरापुढे पुराचा धोका दाखवायला सुरुवात केली होती. म्हणजे माणसांची माहिती झाका, पाण्याची दाखवा. झिलोनेही २०२४ मध्ये हवामानाचा धोका दाखवायचं ठरवलं आणि २०२५ च्या शेवटी विकणाऱ्यांच्या बाजूच्या तक्रारींनंतर ते आकडे काढून टाकले. कोण तक्रार करतं ते बघा. घेणारा कधी म्हणाला नाही की पुराचं सांगू नका.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. पोर्टलवर जात विचारत नाहीत, हे कबूल. नंबर लावला की विचारतात. 'आडनाव काय म्हणालात?' मग 'तसं नाही, पण कोन लोकं आहे तुम्ही?' मग 'मालक व्हेजवाले आहेत जी.' मग 'फ्लॅट कालच गेला.' आपल्या अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी असेच फोन करून, प्रत्यक्ष जाऊन अभ्यास केला. तो २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. वरच्या जातीच्या नावाला दार उघडं, दलित आणि मुस्लिम नावाला नकार किंवा जास्तीच्या अटी. नागपुरात वेगळं असेल असं ज्याला वाटतं त्याने आडनाव बदलून चार फोन लावून बघावेत. दीक्षाभूमीच्या शहरात हे चालतं, याचं आपल्याला फारसं काही वाटत नाही.

म्हणजे ज्या माहितीवर घर नाकारलं जातं ती आपण खोदून खोदून काढतो, आणि जिच्यावर आयुष्याची कमाई बुडते ती विचारायला लाजतो. फार चौकशी केली तर दलालाला राग येईल, सौदा हातचा जाईल, असं वाटतं.

माहिती नाही असंही नाही, ती सात ठिकाणी सांडलेली आहे. महारेराच्या साइटवर १ मे २०१७ पासून नोंदणीकृत प्रकल्पाची मंजुरी, मुदत, कोर्टातले दावे दिसतात, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करा, फोटो नंतर बघा. पण जुना फ्लॅट, जुना प्लॉट यात येत नाही. तिथं सातबारा किंवा आखीव पत्रिका, इंडेक्स टू आणि आरएलची प्रत बघावी लागते. झेरॉक्सवर जाऊ नका, प्रन्यासमध्ये जाऊन तो खसरा आणि प्लॉट नंबर जुळवा. शहराबाहेरचं असेल तर एनएमआरडीएत. वकिलाला सर्च रिपोर्टला दोन पैसे द्यायला मागेपुढे बघू नका.

आणि प्रन्यास, महापालिका, एनएमआरडीए, तिघांनाही माझी मागणी साधी आहे. एक नकाशा द्या. त्यावर बोट ठेवलं की लेआऊटचं आरएल आहे की नाही, निळी-लाल रेषा कुठून जाते, नळ आहे की टँकर, एवढं मराठीत दिसलं पाहिजे. मेट्रोचा नकाशा सुंदर निघतो, मग हाही निघेल.

तोवर एक काम करा. घर रविवारी सकाळी ऊन पडल्यावर दाखवतात, तुम्ही श्रावणात संध्याकाळी जा. नरेंद्र नगरच्या अंडरब्रिजात पाणी तुंबलेलं असताना घरी कसं पोहोचता येतं ते बघा. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर थांबा. शेजारी कोण राहतं ते विचारू नका. तेवीस सालच्या सप्टेंबरात पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. तो हाताने दाखवेल, गुडघ्यापर्यंत की छातीपर्यंत.