कारखानदारांना बोलावयास कोणी शिकविले?

मोठमोठ्या कंपन्यांचे चालक आज वार्ताहरांपुढे व सभेपुढे कसे बोलावे याचे रीतसर शिक्षण घेतात. संकट ओढवल्यास पहिले निवेदन कोणी व कसे करावे, हेही त्यांना शिकविले जाते. या विद्येचा माग काढीत गेल्यास आपण अमेरिकेतील कोळशाच्या खाणींपाशी जाऊन पोहोचतो.

1902 साली पेनसिल्व्हेनियातील सुमारे दीड लाख खाणकामगारांनी संप पुकारला. त्यांचे पुढारी जॉन मिचेल वार्ताहरांशी मोकळेपणाने बोलत. खाणमालकांचे अग्रणी जॉर्ज बेअर मात्र बोलणेच टाळीत. ईश्वराने ज्यांच्या हाती मालमत्ता सोपविली तेच मजुरांचे हित पाहतील, अशा आशयाचे त्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा तर सर्वत्र टीकेचा भडिमार झाला.

1906 मध्ये पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागताच मालकांनी आयव्ही ली या माजी वार्ताहरास नेमले. वृत्तपत्रांस खरी माहिती त्वरित व उघडपणे देऊ, असा जाहीरनामाच त्याने काढला. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळून 53 माणसे दगावली. अपघात झाकण्याची जुनी रीत सोडून लीने कंपनीतर्फे निवेदन काढले आणि वार्ताहरांना जागेवर नेले, असे या विद्येचे इतिहासकार सांगतात.

तथापि खरी कसोटी पुढेच होती. एप्रिल 1914 मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला होऊन आग लागली. जमिनीतील एका खड्ड्यात आश्रयास गेलेल्या 2 स्त्रिया व 11 मुले गुदमरून मरण पावली. तेथील मुख्य खाणकंपनीत रॉकफेलर घराण्याचे हितसंबंध सर्वांत मोठे होते. त्यांच्या बाजूने लीने जी पत्रके काढली, त्यांत संपाच्या पुढाऱ्यांचे वेतन कित्येक पटींनी फुगवून छापले होते. कंपनीकडून आलेली माहिती आपण तपासली नव्हती, हे त्याला पुढे चौकशी आयोगापुढे मान्य करावे लागले.

1915 मध्ये धाकटे रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोस गेले, खाणकामगारांच्या पंक्तीस बसले व त्यांची गाऱ्हाणी त्यांनी ऐकली. पत्रकांनी जे साधले नव्हते, ते त्या भेटीने थोडेफार साधले.

वाणीला वळण लावणारा गुरू मोल देऊन मिळतो. परंतु आपण सांगतो ते खरे आहे काय, हे पाहण्याचे काम मात्र बोलणाऱ्यास दुसऱ्यावर सोपविता येत नाही.