रायफलीचें ओझें

सैनिकाच्या खांद्यावरील रायफल किती जड असावी, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. युद्धांच्या इतिहासांत सेनापतींच्या योजनांना प्रकरणेंच्या प्रकरणें मिळतात. रायफलीच्या वजनाला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. पण जो शिपाई ती दिवसभर वाहतो, त्याला विचारा. नऊ पौंड आणि सात पौंड यांमधील अंतर तराजूंत अल्प दिसतें; चिखलाची चढण चढतांना तें अंतर श्वासागणिक मोजतां येतें. म्हणूनच गेल्या सव्वाशें वर्षांत रायफल हलकी करण्याचे प्रयत्न वारंवार झाले. त्यांतील कांहींची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. कारण त्या सर्वांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. खांद्यावरून काढलेलें वजन नाहींसें होत नाहीं. त्याची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी रूपानें चुकवावी लागते.

प्रथम थोडेसें शास्त्र पाहूं. वजन कमी करण्याचे मार्ग मुख्यतः तीन: पोलादी नळी आंखूड करणें, ती पातळ करणें, किंवा पोलाद-लांकडाच्या जागीं हलके पदार्थ वापरणें. नळी आंखूड केली कीं दारूचा कांहीं भाग नळीबाहेर जळतो. गोळीचा वेग घटतो आणि तोंडाशीं जाळ व आवाज वाढतो. नळी पातळ केली कीं ती लवकर तापते, आणि तिचा ताठपणा तिच्या वजनापेक्षां फार झपाट्यानें जातो. भरीव गोल दांडीचा व्यास निम्मा केला, तर वजन चौथ्या हिश्श्यावर येतें, पण ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर! नळी पोकळ असली तरी नियमाची दिशा तीच. शिवाय काडतूस तेंच ठेवून नवाचे सात पौंड केले, तर धक्क्याचा जोर सव्वापटीहून अधिक होतो.

या शतकापूर्वींच्या शतकारंभीं इंग्लंडनें यांतला पहिला मार्ग धरला. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धापर्यंत पायदळाजवळ लांब ली-एन्फील्ड रायफल असे. तिची नळी ३०.२ इंच. घोडदळाला निराळी आंखूड कार्बाइन मिळे. युद्धानंतर दोघांसाठीं एकच रायफल ठरविण्यांत आली आणि १९०३ पासून २५.२ इंच नळीची आंखूड ली-एन्फील्ड प्रचारांत आली. निशाणबाजीच्या मैदानांतील तज्ज्ञांनीं तिच्यावर कडक टीका केली. पण १९१४ सालीं मॉन्सच्या लढाईंत याच रायफलीच्या जलद माऱ्यानें तिची योग्यता सिद्ध केली. हा प्रयोग साधला, याचें कारण तो बेतानें केलेला होता. कापलेले पांच इंच त्या काडतुसाला सोसण्याजोगे होते.

पुढील प्रयोग मात्र बेताचा राहिला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्याची चौथ्या क्रमांकाची ली-एन्फील्ड सुमारें नऊ पौंडांची होती. तिकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर घनदाट जंगल, बांबूचीं बेटें आणि सतत पाऊस. मार्च १९४४ मध्यें मणिपूरच्या डोंगरांत सांगशाक येथें जी निकराची झुंज झाली, तींत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती. अशा मुलखांत लांब व जड रायफल वाहणें म्हणजे काय, हें त्या जवानांना निराळें सांगावयास नको होतें. त्याच वर्षीं इंग्लंडांत पांचव्या क्रमांकाची रायफल तयार होऊं लागली. लोकांनीं तिचें नांव ठेवलें ‘जंगल कार्बाइन’.

तिचें वजन सात पौंडांच्या किंचित् वर आणि नळी पावणेएकोणीस इंच. हें साधण्यासाठीं कारागिरांनीं जिथें जिथें पोलाद काढतां येईल तिथें तिथें काढलें. पुढचें लांकूड कमी केलें, मधल्या सांगाड्याचें पोलाद जागोजाग खरवडलें. इतकेंच नव्हे, तर जिथें काडतूस बसतें तेथील नळीच्या जाड भागालाही खांचा पाडल्या. आंखूड नळीच्या तोंडाशीं होणारा लखलखाट लपविण्यासाठीं पुढें फनेलासारखी टोपी बसविली. धक्का सोसण्यासाठीं दस्त्याच्या टोंकाला रबराची गादी लावली. पण ती गादी दस्त्याहून अरुंद असल्यामुळें तोच धक्का खांद्यावरील लहानशा जागेवर येऊं लागला. उपायच अपाय ठरला!

पण खरी तक्रार निराळी होती. एकदां नीट बसविलेला नेम टिकत नाहीं, गोळ्या आज एका जागीं तर उद्यां दुसऱ्या जागीं लागतात, अशी ओरड सुरू झाली. बहुतेकांनीं दोष खरवडून काढलेल्या त्या पोलादाकडे दिला. हा दोष मूळ रचनेंतच असून तो दुरुस्त होण्यासारखा नाहीं, असें सरकारनें ठरविलें आणि १९४७ च्या अखेरीस उत्पादन बंद झालें. तोपर्यंत सुमारें अडीच लक्ष रायफली तयार झाल्या होत्या. या निर्णयामागें नवीन स्वयंचलित रायफलीकडे वळण्याची इच्छाही असावी, असें कांहीं अभ्यासक मानतात. तें कसेंही असो; १९४८ नंतर मलायाच्या जंगलांत पुष्कळ सैनिकांनीं हीच रायफल वाहिली. वाहतांना तिचे गुण गावे आणि झाडतांना तिच्याविषयीं साशंक असावें, अशी ही स्थिति!

तिसरी हकीकत अमेरिकेंतील आहे. १९५४ सालीं फेअरचाइल्ड या विमानें बांधणाऱ्या कंपनीनें हॉलीवूड येथें ‘आर्मालाइट’ नांवाची शाखा काढली. विमानाचा कारखानदार औंसाऔंसाचा हिशेब ठेवणारा. त्यानें तीच दृष्टि बंदुकीला लावली. युजीन स्टोनर या कल्पक यंत्रज्ञानें तयार केलेल्या ‘एआर-१०’ रायफलीचा सांगाडा ऍल्युमिनियमचा होता, दस्ता कांचतंतूंनीं बळकट केलेल्या कृत्रिम द्रव्याचा, आणि वजन सात पौंडांच्या आंत. येथवर सर्व ठीक होतें. परंतु शाखेचे प्रमुख जॉर्ज सुलिव्हन यांनीं नळीही हलकी करण्याचा आग्रह धरला: आंत पोलादाची पातळ नळी आणि तिच्याभोंवतीं ऍल्युमिनियमच्या मिश्रधातूचें वेष्टन. स्टोनरचा याला विरोध होता. तो चालला नाहीं. १९५७ च्या आरंभीं स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत कठोर परीक्षा चालू असतां ती नळी फुटली. घाईघाईनें पोलादी नळी बसविण्यांत आली, पण जो विश्वास उडावयाचा तो उडालाच. त्याच वर्षीं मे महिन्यांत अमेरिकेच्या सैन्यानें सुमारें नऊ पौंडांची, जुन्या वळणाची एम-१४ रायफल पसंत केली. कांहीं औंसांच्या लोभानें सबंध रायफल हातची गेली!

यावर स्टोनरच्या मंडळींना जी वाट सांपडली, ती बोधप्रद आहे. जनरल वायमन यांच्या सूचनेवरून त्यांनीं सुमारें सहा पौंडांची ‘एआर-१५’ तयार केली. पण या वेळीं काडतूसच लहान केलें. काडतूस लहान, म्हणून धक्का कमी. धक्का कमी, म्हणून हलकी रायफल सोसवते. म्हणजे येथें किंमत उघडपणें दिली: गोळीचा दूरवरचा जोर सोडला आणि हलकेपणा घेतला. हीच पुढें एम-१६ झाली. व्हिएतनाममध्यें तिला प्रथम जें अपयश आलें, तें मुख्यतः दारू बदलल्यामुळें आणि निगेच्या अभावामुळें, हलकेपणामुळें नव्हे.

तिच्या बारीक नळीविषयीं मात्र तक्रारी राहिल्याच. १९८३ सालीं सुधारलेल्या एम-१६ए२ मध्यें नळी जाड करण्यांत आली, पण फक्त पुढील उघड्या भागांत. हातपकडीखालील भाग पूर्वींसारखाच पातळ ठेवावा लागला, कारण बाँब फेंकण्याचें जोडयंत्र तिथेंच बसत असे. वास्तविक सतत मारा करतांना नळी अधिक तापते ती मागील बाजूस. जिथें पोलाद हवें तिथें तें मिळालें नाहीं, आणि जिथें मिळालें तिथें रायफलीचें तोंड जड होऊन वाहणाऱ्याचा हात मात्र अवघडला.

श्रोतेहो, हलकेपणा हा दोष नव्हे. तो शिपायाचा हक्कच आहे. थकलेल्या खांद्यावर ठेवलेली उत्तम रायफलही थरथरते. प्रश्न इतकाच, कीं काढलेल्या वजनाची किंमत कशांतून वसूल होणार, हें आधीं पाहिलें आहे कीं नाहीं. १९०३ मध्यें तें पाहिलें गेलें. एआर-१५ च्या वेळींही पाहिलें गेलें. मधल्या दोन प्रसंगीं एकदां ती किंमत नेमांतून वसूल झाली, तर एकदां नळीच्याच प्राणांतून. कारखान्यांतील तराजू वजन तेवढें सांगतो. ही उरलेली किंमत त्यावर दिसत नाहीं. ती चुकविण्याचा प्रसंग येतो तो रणांगणावर, आणि तेव्हां ती चुकवितो एकटा शिपाई.