टेलिफोनच्या कुळातला एमपीथ्री

पुण्याच्या मंडईत सकाळी गाळ्यागाळ्यांवरून भाव पुकारले जात असताना शेजारच्या तराजूत पडलेल्या वजनाचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. आवाज होतो, हवेत लहरी उठतात, पण मोठ्या आवाजाच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज कान टिपतच नाही. ध्वनिशास्त्रात याला ‘मास्किंग’ म्हणतात, आणि एमपीथ्रीचा सगळा संसार याच्यावर उभा आहे. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला, असा त्यामागचा साधा हिशेब. ‘कॉम्प्युटरने गाण्याची वाट लावली’ ही तक्रार नेहमीची आहे. पण हा हिशेब कॉम्प्युटरने शोधलेला नाही. एमपीथ्रीचे कूळ ग्रामोफोनपर्यंत नव्हे, टेलिफोनपर्यंत जाते. ते ध्यानात घेतले की त्याच्यामुळे गाण्यातले नेमके काय जाते तेही कळते.

मंडईची आजची इमारत १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडली, तेव्हा बेलचा टेलिफोन दहा वर्षांचा होता. तारेवरून माणसाचा आवाज पाठवायचा तर तो किती कापला तरी बोलणे समजते, हा टेलिफोन कंपन्यांचा पोटापाण्याचा प्रश्न होता. त्यातूनच पुढे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा ठेवण्याचा रिवाज पडला. बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांनी कानाच्या मर्यादा मोजल्या त्याही याच गरजेपोटी. पुढे जर्मनीत एर्लांगेनच्या विद्यापीठात डिटर झाइट्‌झर यांनी टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवायची कल्पना मांडली. पेटंट तपासणाऱ्याला ते अशक्य वाटले, म्हणून हा प्रश्न कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याकडे आला. सुझान व्हेगाचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांशिवायचे गाणे त्यांनी कसोटीला लावले आणि तिचा आवाज सुरुवातीला पार बिघडून निघाला. मागे वाद्ये नसल्यामुळे खोट झाकायला जागाच नव्हती. १९९२ मध्ये प्रमाण ठरले, जुलै १९९५ मध्ये ‘.एमपीथ्री’ हे आडनाव मिळाले. सीडीवरचे संगीत सेकंदाला १४११ किलोबिट खाते. १२८ किलोबिटची फाइल म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा.

हा अकरावा हिस्सा कोणता, इथे आपल्या संगीताचा संबंध येतो. फाइल बनवणारा एन्कोडर आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात बिट वाटतो आणि या काटकसरीतून येणारी खरखर तुकडाभर पसरते. लांब तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. आता शांततेत टाळ वाजला, तर आघाताआधीच्या क्षणातही ती खरखर उमटते, आणि आघात तिला मागे जाऊन जेमतेम काही मिलिसेकंदच झाकू शकतो. एन्कोडर अशा वेळी तुकडे एकतृतीयांश करतो, पण बिट कमी असतील तर भागत नाही. युरोपात यासाठी कॅस्टनेटची परीक्षा घेत. आपल्याकडे चिपळ्या आणि झांज तेच काम करतील. तंबोऱ्याची अडचण वेगळी. मिरजेचा कारागीर जवारी लावून तारेतून जे स्वरांश उमलवतो ते दाट असतात आणि क्षणोक्षणी बदलतात. बिट अपुरे पडले की त्यातले दुबळे स्वरांश येत-जात राहतात आणि सलग गुंजन पाण्याखालून आल्यासारखे डुचमळते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की जुन्या तबकड्यांनी याहून कितीतरी जास्त गमावले होते. १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणारे अब्दुल करीम खाँ आज तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर ऐकायचे. तरी त्यांच्या सुराबद्दल कुणी कुरकुर करत नाही. खरेच आहे. पण तबकडीची खोट सगळ्या गाण्यावर सारखी असते, कान थोड्या वेळात तिला सरावतो. एमपीथ्रीची खोट गाण्याबरोबर हलते. शिवाय तबकडीची फाइल करताना सुईच्या खरखरीवरही बिट खर्ची पडतात, आणि ६४ किलोबिटांत तो भुर्दंड गळ्याला बसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डोळे बांधून परीक्षा घेतली तर २५६ किंवा ३२० किलोबिटची फाइल आणि सीडी यांतला फरक बहुतेकांना सांगता येत नाही. हे मान्यच करायला हवे. चांगल्या एन्कोडरने एकदाच, पुरेशा बिटांत केलेली फाइल निर्दोष समजावी.

तेव्हा दोष कॉम्प्रेशनच्या कल्पनेत नाही, तेच पुन्हापुन्हा करण्यात आहे. मंडईजवळच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारपेठांत मेमरी कार्डांचा जमाना आला आणि ‘गाणी भरून देणे’ हा गावोगावचा धंदा झाला. १२८ किलोबिटने २ जीबीच्या कार्डावर पाच मिनिटांची चारशे गाणी मावत. यातली कितीतरी कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून फाइलमध्ये, त्या फाइलवरून आणखी लहान फाइलमध्ये अशी फिरत आलेली. पहिल्या एन्कोडरने कानाच्या कडेशी नेऊन ठेवलेली खरखर दुसऱ्याला संगीतच वाटते. तो ती जपतो आणि वर आपली घालतो. दोन-तीन फेऱ्यांत ती कडेच्या अलीकडे येते. नावापुढे ‘३२०’ लिहिल्याने हे भरून निघत नाही. अशा फाइलचा आलेख काढला तर साधारण १६,००० हर्ट्‌झच्या वर पट्टी कापल्यासारखी सपाट रेघ दिसते, आणि मूळ फाइल १२८ ची असावी हे लगेच लक्षात येते.

एमपीथ्रीच्या पेटंटांचा परवाना-व्यवहार २०१७ मध्ये संपला. आता गाणी बहुधा त्याच्या धाकट्या भावंडांतून, एएसी किंवा ओपसमधून, येतात. भाजीच्या गाळ्यावरचा ब्लूटूथ स्पीकर ती बहुतेक वेळा एसबीसी नावाच्या पद्धतीने आणखी एकदा दाबतो. मंडईच्या गोंगाटात त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे झाकायचे काम मंडईच करते. मात्र उत्सवात मांडवात वाजवायला ठेवलेल्या आरतीच्या फाइलला हा आडोसा नसतो. रात्री गर्दी ओसरल्यावर तीच फाइल मोठ्या स्पीकरवर लावली की झांजेच्या प्रत्येक ठोक्याआधीची फुसफुस रस्त्याच्या पलीकडूनही ऐकू येते.