फुफ्फुसातून रक्त कसं फिरतं? इब्न अल-नफीसपासून मालवणच्या समुद्रापर्यंत

रक्ताचा मार्ग

शरीरभर फिरून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात येतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तिथून ते उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात उतरतं आणि फुफ्फुस धमनीतून दोन्ही फुफ्फुसांत जातं. फुफ्फुसात कोट्यवधी बारीक वायुकोश असतात, त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं. मधला पडदा अतिशय पातळ. तिथेच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ऑक्सिजन रक्तात येतो. हे रक्त फुफ्फुस शिरांतून डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि महाधमनीतून सगळ्या शरीरात जातं.

मुलं इथे हमखास चुकतात. धमनी म्हणजे ऑक्सिजनयुक्त रक्त, हे पाठांतर फुफ्फुस धमनीला लागू पडत नाही. धमनी हृदयाकडून रक्त नेते, शीर हृदयाकडे आणते, एवढंच लक्षात ठेवावं.

शोध कोणाचा?

ग्रीक हकीम गॅलन म्हणत असे की हृदयाच्या मधल्या भिंतीला छिद्रं आहेत आणि रक्त त्यातून उजवीकडून डावीकडे जातं. हजार वर्षं हेच चाललं. दमास्कसला शिकलेले, कैरोत हकिमी करणारे इब्न अल-नफीस यांनी १२४२ साली इब्न सीनांच्या ‘अल-कानून’मधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिलं. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं: भिंत जाड आहे, छिद्रं नाहीत, रक्त फुफ्फुसातूनच जातं. युरोपात सर्व्हेटस यांनी हे १५५३ मध्ये छापलं, तर हार्वे यांचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ १६२८ चा. केशवाहिन्या मालपिघी यांनी १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाने दाखवल्या. इब्न अल-नफीस यांचं हस्तलिखित मात्र १९२४ मध्ये बर्लिनला इजिप्तच्या एका डॉक्टरांच्या हाती लागलं, तेव्हा जगाला कळलं. १२८८ मध्ये इंतकाल होण्यापूर्वी त्यांनी घर आणि किताबं कैरोच्या मन्सूरी इस्पितळाला दिली होती.

आपल्या किनाऱ्यावर

मालवण, तारकर्लीला स्कूबासाठी आपली मुलंही जातात. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतली हवा छातीत भरून श्वास रोखला आणि वर आलं, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते. वायुकोश फाटू शकतात. मग हवेचे बुडबुडे वर सांगितलेल्याच वाटेने, फुफ्फुस शिरांतून डाव्या हृदयात आणि पुढे मेंदूपर्यंत जातात. जीव जाऊ शकतो.

म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखू नका आणि हळूहळू वर या. दमा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, प्रशिक्षकापासून लपवू नका. वर आल्यावर छातीत दुखलं, चक्कर आली, हातपाय लुळे वाटले, तर ‘जरा पडून राहा’ म्हणू नका. ऑक्सिजन द्या आणि लगेच इस्पितळात न्या.