काकाडू : तंबू आणि मगरी
ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचे काकाडू राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. डार्विनहून मोटारीने निघून तंबूत मुक्काम करणाऱ्यांना मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम सोयीचा. पावसाळ्यात जिम जिम धबधब्याचा रस्ता बंद असतो. खरा धोका खाऱ्या पाण्यातील मगरींचा. नाव काहीही असो, त्या गोड्या पाण्यातही वावरतात. म्हणून तंबू पाण्यापासून किमान ५० मीटर दूर ठोकावा, मासे काठावर साफ करू नयेत. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरील काहिल्स क्रॉसिंग या फरशी पुलावरून भरतीचे पाणी वाहू लागले की मासे टिपायला मगरी जमतात. पायी पाण्यात उतरलेल्यांचे तेथे १९८७ आणि २०१७ मध्ये बळी गेले. भरतीची वेळ पाहूनच तेथे गाडी घालावी.